काळ्या मातीत घराचा पाया किती खोल घ्यावा?

धनजहून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र चार पानी आहे, पण त्यातला मुद्दा थोडक्यात असा : तीन वर्षांपूर्वी त्यांनी गावठाणाबाहेरच्या नव्या प्लॉटवर विटा-सिमेंटचे घर बांधले. पहिल्याच उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून भिंतीला तिरपी भेग गेली. पावसाळा लागला तशी भेग मिटली, पण मागच्या खोलीचे दार चौकटीत अडकू लागले. दर दिवाळीला सिमेंट भरतात, आणि दर वर्षी होळी झाली की भेग पुन्हा तोंड उघडते. आता त्याच घराला लागून धाकट्या दिराचे घर बांधायचे आहे. मिस्त्री म्हणतात, तीन फूट पाया पुष्कळ झाला, गावात सगळे तीनच फूट घेतात. सासरे म्हणतात, आपल्या जुन्या घराला दोन फूटही पाया नव्हता, तरी दोन पिढ्या त्यात नांदल्या. "भाऊ, यात खरे कोणाचे? दिराचे पैसे एकदाच खर्च होणार आहेत," असे बाईंनी शेवटी लिहिले आहे.

ताई, सासऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. फक्त जागा बदलली आहे.

आपल्याकडे जुनी माणसे गावाच्या जमिनीचे दोन भाग करीत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरीत घर बांधायचे आणि काळीत पेरायचे, ही वाटणी उगीच झालेली नाही. पांढरीची माती पाण्याने फारशी फुगत नाही आणि उन्हाने फाटत नाही. शिवाय जुने घर मातीच्या भिंतींचे, लाकडी खांबांवर आढे तोललेले. जमीन थोडी हलली तर ते घरही थोडे हलायचे आणि पुन्हा जागेवर बसायचे. बारीक चीर पडलीच तर सणावाराच्या आधी घरातल्या बाया शेणामातीने पोतेरा देत, की चीर गेली. विटा-सिमेंटच्या भिंतीला असे हलणे माहीत नाही. ती एक तर उभी राहते, नाही तर तडकते.

आता गावठाणात जागा उरली नाही. नवे प्लॉट पडतात ते रस्त्याच्या कडेच्या शेतात. म्हणजे आपण पांढरीतले घर उचलून काळीत नेले, पण पाया मात्र पांढरीच्याच मापाचा ठेवला. धनजच काय, पूर्वीच्या अकोला आणि १ जुलै १९९८पासूनच्या वाशिम जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत हेच झालेले दिसेल.

काळी माती अशी का वागते ते समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे जाईल. आपली जमीन बेसाल्ट खडकाची, म्हणजे काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झालेली आहे. तिच्या चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. त्याची रचना पोथीच्या पानांसारखी, एकावर एक अगदी पातळ थरांची. पाणी या पानांच्या मधे शिरते आणि पाने एकमेकांपासून दूर सरकतात. माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेले की पाने जवळ येतात, माती आकसते, शेतात भेगा पडतात. याच गुणामुळे ही माती ओल धरून ठेवते आणि आपली कपाशी-तूर पाऊस संपल्यावरही तग धरते. पिकाला जे वरदान तेच घराला जाच.

या फुगण्यात जोर किती असतो? एकमजली घराच्या भिंतीचे ओझे पायाखाली चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा ते एक किलो पडते. चांगली काळी माती कोंडून ठेवली आणि तिला पाणी पाजले तर ती दोन-तीन किलोच्या, कधी त्याहूनही जास्त जोराने वर ढकलते. म्हणजे माती घराला सहज उचलते. घर सगळीकडून सारखे उचलले गेले असते तर कोणाला कळलेही नसते. पण तसे होत नाही. पावसाळ्यात बाहेरच्या कडेची माती आधी भिजते, तेव्हा बाहेरच्या भिंती वर येतात आणि दारे अडकतात. उन्हाळ्यात तीच कड आधी सुकते, कोपऱ्याखालचा आधार जातो, आणि भेग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी धावते. आणखी एक गोष्ट घडते, ती सावकाश. घराखालच्या जमिनीवर ऊन पडत नाही, म्हणून चार-पाच वर्षांत मधल्या खोलीखाली ओल साठत जाते आणि फरशी मधोमध फुगून येते. पुष्कळ लोक फरशी बसवणाऱ्याला बोल लावतात. त्या बिचाऱ्याचा त्यात दोष नसतो.

आता "किती खोल" या प्रश्नाकडे येऊ. फार दूरचे एक उदाहरण सांगतो, पण ते आपल्याच कामाचे आहे. अमेरिकेच्या उत्तरेला मिनेसोटा नावाचे राज्य आहे. तिथे हिवाळ्यात जमिनीतले पाणीसुद्धा गोठते. गोठताना जमीन फुगते, वर उठते आणि उथळ पायाचे घर उचलून धरते. वसंतात बर्फ वितळला की घर खाली बसते. म्हणून तिथला बांधकामाचा नियमच असा, की तळघर नसलेल्या घराचासुद्धा पाया गोठणाऱ्या थराच्या खाली गेला पाहिजे : राज्याच्या दक्षिण भागात ४२ इंच, उत्तर भागात ६० इंच. दुसरीकडे नॉर्वे, स्वीडन, फिनलंड या देशांत एक निराळी युक्ती रुळली. घराभोवतीच्या जमिनीत थंडी अडवणारे थर्माकोलच्या जातीचे जाड तक्ते पुरायचे. मग घराच्या कडेला जमीन गोठतच नाही आणि पाया उथळ ठेवला तरी चालतो.

आपल्याकडे जमीन गोठत नाही. आपला ऋतू बर्फाचा नसून पाण्याचा आहे. पण हिशेब तोच : एक तर पाया ऋतू पोचतो त्याच्या खाली न्यायचा, नाही तर ऋतूला घराच्या कडेला येऊ द्यायचे नाही. तीन फूट की पाच फूट हा वाद त्यानंतरचा.

काळ्या मातीत ऋतू किती खोल पोचतो? जिथे काळी फार खोल आहे तिथे ओल-सुकीचा फेर सुमारे साडेतीन मीटरपर्यंत, म्हणजे साडेअकरा फुटांपर्यंत जातो असे आपल्या देशातल्या संशोधकांनी धरले आहे. हा आकडा ऐकून घाबरू नका. आपल्या भागात पुष्कळ ठिकाणी चार-सहा फुटांवर पिवळसर माती, चुनखडीचे खडे आणि मग मुरूम लागतो. मुरूम लागला की ऋतूची सत्ता संपली. पण एका शेतात चार फुटांवर लागणारा मुरूम नाल्याकाठच्या शेतात बारा फुटांवरही लागत नाही. म्हणून गावाचे माप घराला लावू नये. प्रत्येक प्लॉटचे माप निराळे.

ते कसे काढायचे? पहिले काम, जवळच्या विहिरीवर जा. विहिरीच्या कडेला जमिनीचे थर उघडेच असतात : काळी कुठे संपते, मुरूम कुठे सुरू होतो, खडक कुठे आहे. दुसरे काम, चैत्र-वैशाखात प्लॉटमधल्या सगळ्यात रुंद भेगेत सायकलच्या चाकाची जुनी तार सोडून पाहा. तार जिथवर जाते तिथवर तर ऋतू नक्कीच पोचतो. प्रत्यक्षात त्याच्याही खाली जातो, कारण भेग खाली निमुळती होत जाते आणि तार अडकते. तिसरे आणि खरे काम, प्लॉटच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत एकेक माणूस उतरेल एवढा खड्डा खोदा. दोन मजुरांचे एका-दोन दिवसांचे काम आहे. एवढे पैसे वाचवून पुढे लाखाचे काम बिघडवू नये. मिस्त्रीला खड्ड्याशी उभे करा आणि मग त्याला विचारा, पाया कुठवर न्यायचा.

माती किती फुगते हे पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. भारतीय मानकातही ती १९७७पासून आहे, आपण तिचे घरगुती रूप करू. खड्ड्यातली माती उन्हात खडखडीत वाळवा, कुटा, मैद्याच्या चाळणीने चाळा. सरळ कडांचे दोन सारखे काचेचे पेले घ्या. दोन्हींत सारखी, दोन-दोन चमचे माती टाका. एकात पाणी भरा, दुसऱ्यात रॉकेल. काडीने ढवळून हवेचे बुडबुडे काढून टाका आणि एक रात्र, एक दिवस हलवू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी दोन्ही पेल्यांतली मातीची उंची पट्टीने मोजा. रॉकेलमध्ये दोन सेंटिमीटर आणि पाण्यात तीन असेल तर फुगणे ५० टक्के झाले. पाण्यात चार असेल तर १०० टक्के. पन्नासच्या आत असेल तर फार चिंता नको. शंभरच्या पुढे गेले तर तीन फुटांच्या पायाचा विषयच काढू नका. हा घरचा अंदाज आहे. नेमका आकडा हवा असेल तर अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत माती द्यावी. पेला आणि रॉकेल मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा, आणि तो पेला पुन्हा पाणी प्यायला वापरू नका.

समजा, धनजच्या प्लॉटवर पाच फुटांवर मुरूम लागला. मग उत्तर सरळ आहे : पाया पाच फुटांवर, मुरमात अर्धा फूट घुसवून. खर्चाचा बाऊ वाटतो म्हणून हिशेबच करू. सरकारी घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे १५ फूट बाय १८ फूट. बाहेरच्या भिंतींची लांबी ६६ फूट, मधली एक भिंत १५ फूट, एकूण ८१ फूट. चर अडीच फूट रुंद धरला आणि तीनऐवजी पाच फूट खोदला, तर जादा खोदाई होते ४०५ घनफूट, म्हणजे जेमतेम चार ब्रास. चार ब्रास खोदायचे आणि तेवढेच भरायचे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपये ठरवले गेले. त्या रकमेत हा जादा भार डोळ्यांना दिसतो हे मी नाकारत नाही. पण जमिनीखाली गेलेला पैसा पाहुण्यांना दिसत नाही, म्हणून तिथेच काटकसर होते आणि दर्शनी भिंतीला टाइल्स लागतात. दिराला सांगा, टाइल्स पुढच्या सुगीनंतरही लावता येतील. पाया पुन्हा घालता येत नाही.

हल्ली खेड्यातही कॉलमचे घर होते. तसे असेल तर सगळा चर खोल नेण्याची गरज नाही, कॉलमचे खड्डेच मुरमापर्यंत न्यावेत. सहा कॉलम असतील तर सहाही. पाच खड्ड्यांत मुरूम लागला आणि सहाव्यात लागला नाही म्हणून तो तसाच भरला, तर घर त्याच कोपऱ्यात फाटेल. आणि जोत्याची बीम काळ्या मातीवर टेकवून ओतू नये. तिच्याखाली तीन-चार इंच मोकळी जागा राहिली पाहिजे, म्हणजे माती फुगली तरी बीमला खालून धक्का लागणार नाही. बाहेरच्या बाजूने ही फट झाकून घ्यावी, नाही तर तिथे उंदीर-घुशी संसार थाटतात.

आणि खोदत गेलो, आठ-दहा फुटांवरही काळीच लागली तर? तिथे चर खोल नेणे परवडत नाही. अशा जमिनीसाठी रूरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने फार पूर्वीच एक पद्धत बसवली आहे. तिच्या मागे दिनेश मोहन या संशोधकाचे मोठे काम आहे. बोअरसारखे अरुंद भोक साडेतीन मीटर खोल पाडायचे, त्याच्या तळाशी खास अवजाराने गोल पोकळी कोरायची, तीही भोकाच्या सुमारे अडीचपट रुंद, आणि सळया सोडून काँक्रीट भरायचे. जमिनीत कांदा रोवावा तसा खांब तयार होतो. वरची माती कितीही ओढो, खालचा कांदा त्याला जागचा हलू देत नाही. ही अवजारे हाताने फिरवता येतात, मोठे यंत्र लागत नाही. फक्त काम माहीत असलेला माणूस पाहिजे. नवख्याच्या हातून तळाची पोकळी नीट कोरली जात नाही आणि वरून कोणाला दिसतही नाही.

मधला मार्ग मुरमाच्या गादीचा. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये प्राध्यापक कट्टी यांनी १९७०च्या दशकात काळ्या मातीवर पुष्कळ प्रयोग केले. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा सुमारे एक मीटर थर दाबून घातला, तर खालच्या मातीचे फुगणे बरेच आटोक्यात राहते, असे त्यांनी दाखवले आणि ही रीत कालव्यांच्या कामात वापरली गेली. घरासाठीही काळी माती तीन फूट काढून चांगला मुरूम भरतात. पण मुरूम नुसता ओतून चालत नाही. सहा-सहा इंचांचा थर, पाणी मारून, धुम्मसने ठोकून घट्ट करावा लागतो. ट्रॉली उलटी केली आणि वरून ट्रॅक्टर फिरवला, याला थर म्हणत नाहीत. रेती भरण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. काळ्या मातीत खोदलेला रेतीचा चर म्हणजे पाण्याची टाकी. पाऊसभर पाणी तिथे साठते आणि पायाखालची माती निवांत पीत राहते.

आता त्या चुकीविषयी, जी सगळ्यात जास्त घरांत होते. पायाची खोदलेली काळी माती बाजूला ढीग लावून ठेवतात आणि जोते बांधून झाले की तीच आत भर म्हणून लोटून देतात. मुरमाच्या चार ट्रॉल्या वाचल्या असे वाटते. पुढे हीच माती जोत्याच्या भिंती बाहेर ढकलते आणि फरशी वर उचलते. खोल पाया घेतलेली घरेसुद्धा या एका कारणाने खराब झालेली मी पाहिली आहेत. खोदलेली काळी शेतात नेऊन टाका, तिथे ती सोन्यासारखी आहे. जोत्यात मुरूमच भरा.

पांढरीत जागा मिळालेल्यांनीही गाफील राहू नये. जुन्या वस्तीच्या जमिनीत राख, खापरे, पडक्या भिंतींची माती असते, आणि कुठे कुठे धान्य साठवायची जुनी पेवे बुजवलेली असतात. पेवावर कोपरा आला तर तो कोपरा खाली बसतो. खोदताना पहारीचा आवाज पोकळ येतो का, तिकडे लक्ष ठेवा.

आता दुसरी बाजू, ऋतूला घरापासून दूर ठेवण्याची. ताई, तुमच्या उभ्या घराला हाच उपाय लागू आहे, कारण त्याचा पाया आता खोल करता येत नाही. घराभोवती चार ते सहा फूट रुंदीची, बाहेर उतार असलेली पक्की पट्टी करून घ्या. पत्र्याचे किंवा स्लॅबचे पाणी भिंतीच्या बुडाशी पडू देऊ नका; पन्हळ लावून ते दूर न्या. न्हाणीचे पाणी हा तर घराचा छुपा शत्रू आहे. रोजच्या आंघोळीचे, भांड्यांचे पाणी एकाच कोपऱ्यात मुरते, तिथली माती बारा महिने फुगलेली राहते आणि समोरचा कोपरा मात्र उन्हाळ्यात वाळतो. शोषखड्डा भिंतीपासून निदान पंधरा फूट लांब असावा. काळ्या मातीत पाणी मुळातच हळू जिरते, त्यामुळे खड्डा भरून वाहू लागला की ते पाणी घराकडे वळते. झाडांचेही तसेच. कडुनिंब, बाभूळ, निलगिरी भिंतीलगत लावू नयेत. झाड जेवढे उंच वाढते तेवढ्या अंतरापर्यंत ते जमिनीतली ओल ओढते. सावली हवी म्हणून लावलेले झाड उन्हाळ्यात त्या बाजूची माती आणखी सुकवते.

तुमच्या भेगेवर दर दिवाळीला सिमेंट भरणे एक वर्ष थांबवा. भेगेच्या दोन टोकांना पेन्सिलीने आडव्या खुणा करून शेजारी तारीख लिहा, आणि दर महिन्याला भेगेची रुंदी वहीत टिपून ठेवा. वैशाखात उघडते आणि श्रावणात मिटते असे असेल तर खोड काळ्या मातीची आहे आणि वरच्या उपायांनी बराच गुण येईल. वर्षभर एकाच दिशेने रुंदच होत गेली, तर खाली काहीतरी बसते आहे. मग उशीर न करता अभियंत्याला दाखवा.

दिराच्या घरात जोत्यावर आणि दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा तीन-चार इंचांचा काँक्रीटचा पट्टा घ्यायला सांगा, आत दोन सळया टाकून. घराला तो पिंपाच्या कड्यासारखा बांधून ठेवतो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा जड दगडमातीची घरे माणसांवर कोसळली. अशा घरांना भिंती एकत्र बांधणारे असे काही नसते. तो निराळा विषय आहे, पण पट्टा दोन्हीकडे उपयोगी पडतो.

राहता राहिला मुहूर्त. तुम्ही लिहिता, अक्षय तृतीयेला पाया घालून मृगाआधी छतापर्यंत जायचे ठरले आहे, कारण पुढचा हप्ता कामाच्या टप्प्यावर मिळतो. अडचण समजते. पण वैशाखात काळी माती जास्तीत जास्त आकसलेली असते. त्या मातीवर पाया घातला की दीड महिन्यात ती फुगायला लागते आणि ओल्या भिंतीला पहिला धक्का तेव्हाच बसतो. मुरूम लागत असेल तर अक्षय तृतीया चालेल, कारण पाया काळ्या मातीवर टेकतच नाही; मात्र चर खोदून आठ-आठ दिवस उघडा ठेवू नका, खोदला की भरा, आणि भोवतालची पट्टी पावसाआधी उरका. मुरूम लागत नसेल तर घाई करू नका. तुळशीच्या लग्नानंतर जमीन ना भिजलेली ना फाटलेली असते, तेव्हा काम काढा. तोवर प्लॉटवर दोन खड्डे तरी खोदून ठेवा, आणि मुरूम किती फुटांवर लागला ते मला कळवा.